पाणी जरा कमी घाला!

मैत्रिणींनो, बागेविषयी लिहिणाऱ्या बायका सहसा फुललेल्या गुलाबापासून सुरुवात करतात. मी मेलेल्या रोपांपासून करणार आहे. पहिल्या वर्षी माझ्या हातून सात रोपं गेली. दोन रोझमेरी, दोन थाइम, दोन ओरेगानो आणि एक सेज. नावं ऐकून बिचकू नका. पिझ्झाबरोबर येणारी ओरेगानोची चिमुकली पाकिटं तुमच्याही फ्रीजच्या दारात पडलेली असतील. त्या पाकिटातलं झाड कुंडीत लावायचं, एवढीच माझी हौस. आज माझ्या साताऱ्याच्या घराच्या गच्चीत आठ कुंड्यांची इटालियन बाग आहे. ती कशी झाली आणि मधे मला काय काय शिकावं लागलं, तेच सांगते.

माझी लेक नोकरीसाठी इटलीत जेनोवा शहरात राहते. कोलंबसाचं हे जन्मगाव. डोंगर उतरत थेट समुद्रात पाय बुडवून बसावा तसं शहर आहे. जुन्या भागातल्या गल्ल्या, त्यांना तिथे कारुज्जी म्हणतात, इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतून वाटीभर साखर मागून घेता यावी. तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी मी सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे गेले. सासूबाई तेवढे दिवस धाकट्या जाऊबाईंकडे राहिल्या.

लेक सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. मग मी काय करावं? आपण सगळ्याजणी जे करतो तेच केलं. तिची कपाटं लावली. मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. डबा भरून दिला, आणि दुपारी फोन करून 'जेवलीस का गं?' म्हणून विचारलं. पाचव्या दिवशी ती दमून आली आणि कसलासा कागद शोधायला लागली. तो मी कुठेतरी 'नीट' ठेवला होता. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "आई, मला जरा श्वास घेऊ दे गं."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी मुकाट्यानं गॅलरीत जाऊन उभी राहिले.

शेजारच्या गॅलरीत एक आजी होत्या. दोन गॅलऱ्यांच्या मधे नुसता लोखंडी कठडा. त्यांच्या बाजूला आठ-दहा मातीच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. आजींनी माझा चेहरा पाहिला, एक फांदीचा तुकडा मोडला, हातावर चुरडून माझ्या नाकाशी धरला. ती रोझमेरी. कापूर आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा वास. मग दुसरं पान, तिसरं पान. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन. पण वासाला भाषा लागत नाही. चौथं पान नाकाशी आलं तशी मी दचकले. हा वास माझ्या ओळखीचा होता. फालुद्यात घालतो तो सब्जा! पानं मात्र जरा मोठी, फुगीर, चमच्यासारखी. आजी म्हणाल्या, "बाझीलिको." म्हणजेच बेसिल.

या बेसिलचं जेनोवाला फार अप्रूप. शहराच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तिथल्या काचघरांमधून ती पिकते. रोपं लहान असतानाच मुळांसकट उपटून त्यांच्या जुड्या बाजारात येतात. २००५ साली युरोपीय संघानं 'जेनोवाची बेसिल' या नावाला संरक्षण दिलं. आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलाच प्रकार. या कोवळ्या पानांची जी चटणी करतात तिचं नाव पेस्तो, म्हणजे कुटलेलं. संगमरवरी खल आणि लाकडी बत्ता. त्यात लसूण, जाडं मीठ, चिलगोज्यासारख्या बिया, बेसिल, दोन तऱ्हेचं किसलेलं चीज आणि ऑलिव्हचं तेल. आजींनी कुटायला घेतलं तेव्हा मी कठड्याशी खुर्ची ओढून बसले. चटणी कुटणाऱ्या बाईकडे बघताना मला परकं वाटेना.

पुढे आजी आठ दिवस बहिणीकडे गेल्या. जाताना लेकीजवळ निरोप ठेवला, झाडांकडे जरा लक्ष असू द्या. मला तेवढंच हवं होतं! लेकीनं माझ्या हातातलं काम काढून घेतलं होतं, आता आठ कुंड्या मिळाल्या. मी सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी घातलं. खालच्या ताटल्या भरून वाहिल्या. आजी परत आल्या तेव्हा बेसिल मजेत होती, पण थाइम बुडाशी काळं पडलं होतं आणि रोझमेरीची खालची पानं पिवळी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींनी ताटलीतलं पाणी ओतून दिलं, कुंडीच्या मातीत बोट खुपसलं, मग माझं बोट धरून तेही खुपसलं आणि हसून म्हणाल्या, "पोका आक्वा, सिन्योरा!"

लेक दारात उभी होती. तिनं भाषांतर केलं, "पाणी जरा कमी घाला, बाई." आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि पुढे काही बोललो नाही. त्या रात्री मात्र तिच्या कपाटावरच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या.

परतताना आजींनी फांद्या देऊ केल्या, पण आणल्या नाहीत. परदेशातून बी-बियाणं किंवा रोपं परवानगीशिवाय आणता येत नाहीत, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. इथे पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ही रोपं मिळतात, आणि बियांची पाकिटंही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आले आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं लावूनही मोकळी झाले. माती छान काळी, वर शेणखत सढळ हातानं. पाणी मात्र अगदी कमी. धडा शिकले होते ना!

पण मी हात आखडला तरी आभाळ थोडंच आखडणार? जुलैभर पाऊस कोसळत राहिला. सातही रोपांची मुळं कुजली. बेसिल मी वळचणीला ठेवली होती, तिला धडा आठवून दोन-दोन दिवस पाणी दिलं नाही, तर तीही मान टाकून बसली. एकीकडे बुडून मेलेली, एकीकडे तहानलेली. माझे डोळेच भरून आले. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. खुर्चीवरून त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना एकाच मापानं काय मोजतेस?"

त्या एका वाक्यावर मी विचार करायला लागले. माहिती काढली तेव्हा उलगडा झाला. रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगानो ही भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ डोंगरउतारांवरची झाडं. तिकडे पाऊस मुख्यतः शरदात आणि हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. उतारामुळे पडलेलं पाणी टिकत नाही. म्हणून त्यांची पानं बारीक, जाड किंवा लवदार, आणि त्यांत तेल भरलेलं. तो वास म्हणजे त्या तेलाचाच. खत-पाणी भरपूर मिळालं की झाड भसाभस वाढतं, पण वास पातळ होतो. आपल्याकडे सगळं उलटं, ऐन उन्हाळ्याच्या पाठीवर चार महिने पाऊस. आणि बेसिल? ती मुळात इटलीची नव्हेच. ती उष्ण प्रदेशातली, आपल्या तुळशीची चुलत बहीण. तिला ऊब हवी, खत हवं आणि पाणीही हवं. म्हणजे एका गॅलरीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघींची तहान अगदी वेगळी.

हे कळल्यावर ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, दुसऱ्यांदा लावलं. आता ही कृती नीट वाचा. खर्च फार नाही, जागाही खिडकीएवढी पुरते.

कुंड्या मातीच्याच घ्या, आठ ते दहा इंची. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. तळाला भोक हवंच, त्यावर खापराचा तुकडा ठेवा. खाली ताटली ठेवलीत तर साचलेलं पाणी ओतून देत जा. रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगानोसाठी दोन वाट्या बागेची माती, दोन वाट्या जाडी वाळू आणि एकच वाटी कुजलेलं खत. बेसिल आणि पार्सलीसाठी माती व खत निम्मं-निम्मं, वर मूठभर वाळू.

बेसिलचं बी आठ-दहा दिवसांत उगवतं. पार्सली कोथिंबिरीच्या घराण्यातली, पण फार सावकाश. बी रात्रभर भिजवून पेरा आणि तीन-चार आठवडे धीर धरा. 'आलं नाही' म्हणून माती उकरू नका, मी उकरली होती! ओरेगानो आणि थाइमचं बी धुळीसारखं बारीक. ते मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती लोटू नका आणि झारीऐवजी हातानं पाणी शिंपडा. रोझमेरीच्या बियांच्या नादी लागू नका, ते उगवायला फार कटकट. एक रोप विकत घ्या. ते रुजलं की चार इंचांच्या फांद्या कापायच्या, खालची पानं काढायची आणि ओल्या वाळूत खोचायच्या. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात, मग मैत्रिणींना वाटा.

उन्हाचं म्हणाल, तर रोज पाच-सहा तास हवं. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र आपलं ऊन यांनाही सोसत नाही, तेवढ्यापुरती सावली द्या. पाऊस सुरू झाला की कुंड्या छपराखाली घ्या, पागोळ्या पडतील तिथे ठेवू नका. एवढं करूनही थाइम आणि सेज पावसाळ्यात रुसतातच. माझं सेज दुसऱ्या वर्षीही गेलं. रोझमेरी आणि ओरेगानो टिकली.

आणि पाणी? मातीत बोट दोन पेरं आत घाला. बेसिलची माती वरून कोरडी लागली की पाणी द्या, उन्हाळ्यात रोजच द्यावं लागतं. बाकीच्यांची दोन पेरांपर्यंत कोरडी झाल्याशिवाय झारी उचलू नका. घड्याळ बघून पाणी घालायचं नाही. आधी बोटाला विचारायचं.

बेसिल वीतभर झाली की शेंडा खुडा, पानांच्या जोडीच्या जरा वर. तिथून दोन फांद्या फुटतात. मंजिऱ्या दिसल्या की काढा, नाहीतर झाडाचा जोर बियांत जातो आणि पानं कडवट होतात. ओरेगानो फुलायच्या आधी कापून, जुडी बांधून सावलीत वाळवा. ती वाळल्यावर जास्त खमंग होते. बेसिल आणि पार्सली मात्र ताजीच वापरा, वाळवली की वासाचं नाव नाही.

आता घरातली गंमत सांगते. बेसिल अंगणात तुळशीवृंदावनाजवळ ठेवली होती. मी पानं खुडून लसणाबरोबर कुटायला घेतली, तर सासूबाई थक्क! "तुळशीची चटणी? आणि तीही लसूण घालून?" मी पान चुरडून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी वास घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तर सब्जा. आमच्या माहेरी आडाशेजारी होता." खरंच होतं ते. सब्जा आणि इटलीची बेसिल, शास्त्राच्या दृष्टीनं जात एकच, वाण वेगळे. किराणा दुकानातला सब्जा पेरलात तरी उगवेल, वास जरा उग्र येईल इतकंच. मग त्यांनी ओरेगानोचं पान हुंगलं. "हे मरव्याचं कोण गं?" मी थक्क झाले. आपण गजऱ्यात ओवतो तो मरवा ओरेगानोची सख्खी बहीण आहे. इटलीत तो स्वयंपाकात घालतात, आपण केसांत माळतो. विमानानं साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास जाऊन मी ज्याचं अप्रूप वाटून आले, त्यातलं निम्मं सासूबाईंच्या माहेरच्या परसात होतं. वृंदावनाजवळची बेसिल मात्र मी गच्चीत हलवली. नैवेद्यावर चुकून दुसरीच पानं जायला नकोत!

आमची चटणी अशी. बेसिलची दोन मुठी पानं धुऊन, पुसून अगदी कोरडी करा. लसणाची एक लहान पाकळी आणि मीठ आधी वाटा. मग आठ-दहा काजू किंवा चार अक्रोड. मग पानं. शेवटी चार-पाच चमचे तेल, ऑलिव्हचं असेल तर उत्तम. खलबत्ता नसेल तर मिक्सर थांबून-थांबून फिरवा, तापला की पानं काळी पडतात. गॅसवर ही चटणी चढवायची नाही. गरम शेवयांत किंवा पास्त्यात, शिजवलेलंच दोन चमचे पाणी घालून कालवायची. चीज घालणार असाल तर एक सांगते. इटलीचं अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. शाकाहारी असाल तर डब्यावरची हिरवी खूण बघून दुसरं चीज घ्या. आम्ही घालतच नाही. जेनोवाच्या आजी हात कपाळाला लावतील, पण ज्वारीच्या गरम भाकरीवर ही चटणी एकदा खाऊन बघा. सासूबाई चातुर्मासात लसूण खात नाहीत. तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांनी ती पहिल्यांदा चाखली आणि दुसऱ्या दिवशी परत मागितली.

आता त्या सत्याऐंशी वर्षांच्या आहेत. रोज सकाळी त्यांची वेणी मी घालते, गोळ्या मी देते. एक दिवस उशीर झाला तर त्या कोमेजून बसतात, अगदी बेसिलसारख्या. त्यांना रोज हवं. लेकीला नको. हे मला आधी का कळलं नाही याचं वाईट वाटत राहतं. पण कुणाची माती किती ओली आहे हे बोट घातल्याशिवाय कळत नाही, आणि मी आजवर नुसती झारी घेऊन धावत होते.

लेकीला मी आता दुपारी फोन करत नाही. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, खोटं कशाला बोलू? चार वाजले की हात आपसूक फोनकडे जायचा. मग उठायची आणि गच्चीत जाऊन कुंड्या तपासायची. महिना गेला असेल. एका रविवारी तिचाच फोन आला. म्हणाली, "आई, आजींनी मला रोझमेरीची फांदी दिलीय. कशात लावू? आणि पाणी किती घालू?"

माझ्या तोंडावर दहा सूचना आल्या होत्या. त्या गिळल्या आणि म्हटलं, "आधी बोट घालून बघ. मग तूच ठरव."

ती फांदी रुजली. परवा तिनं फोटो पाठवला, कुंडी मातीची आहे, आणि खालची ताटली अगदी कोरडी.